आप्पांचा अंगठा

आमच्या शेजारचे आप्पा लातूरहून वीसेक किलोमीटरवरच्या मुरुडला, बहिणीकडे, जायचे तेही पायी. एसटीत बसणारा माणूस त्यांना आजारीच वाटे. लातूरचा नवा जिल्हा झाला होता, पण नळ कोरडेच होते. त्या दुष्काळात टँकरच्या रांगेत कुणाची तरी भरलेली घागर आप्पांच्या पायावर पडली आणि अंगठा मोडला.

"चालून कधी लागलं न्हाई. उभं राहिलो म्हणून लागलं," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला बजावत.

पट्टी सुटली त्याच्या दुसऱ्याच पहाटे ते मुरुडला निघाले. काकूंनी चपला लपवल्या होत्या, म्हणून माझ्या घालून गेले.

दोन दिवसांनी मुरुडचं काम आटपून परत येताना मी बसमध्ये चढलो, तर पुढच्या बाकावर उपरण्यात तोंड लपवून आप्पा! मी खिडकीबाहेर बघू लागलो. शहराबाहेरच्या नाक्यावर ते उतरले आणि लंगडत घराकडे चालू लागले.

मी आधी पोचलो. मागून धुळीच्या पायांनी आप्पा आले.

"चालत आलाव?" काकूंनी विचारलं.

"मग काय तर!"

काकू माझ्याकडे वळल्या. "खरं हाय का रे?"

"हाव काकू, चालतच आले. मी बसमधनं बघितलं की."