माणसाचा भार

आमच्या नाक्यावरचा हार्डवेअरवाला बोल्ट देण्याआधी एकच विचारतो, "यावर माणसाचा भार येणार का?" त्यावरून तो माल काढतो. आज माझ्यापुढे एक ठेकेदार होता.

"नाही हो," तो म्हणाला, "परांचीचे आहेत. मजूरच चढतात. हलक्यातले द्या."

दुकानदारानं गंज धरलेले बोल्ट तराजूत ओतले. तो खणखणाट कानातून जाईना. इतक्या सहज एखाद्याला माणसांतून वजा करता येतं? ठेकेदार बोल्ट घेऊन निघाला, तेव्हा मी मात्र बाजूला सरकून त्याला वाट दिली.

मग माझी पाळी आली.

"झोपाळ्याचे हवेत," मी म्हणालो. "मीच बसतो."

त्यानं भारीतला खोका उघडला. मी एकेक बोल्ट उजेडात धरून, निरखून घेतला.