फ्रिजची पिन

आमच्या ख्रिस्ती मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे, म्हणजे ख्रिस्ताच्या मरणाची आठवण म्हणून सगळ्यांनी एकाच ताटातला पाव खायचा. तलासरीतल्या एका शाळेच्या खोलीत आम्ही वीस-पंचवीस माणसं बाकांवर बसायचो. डहाणूच्या बेकरीतल्या पावाचे तुकडे स्टीलच्या ताटात घालून ते ताट हातोहात फिरे. माझ्यापर्यंत आलं की मी ते दोन्ही हातांनी घ्यायचो आणि शेजारच्याकडे द्यायचो. पाव उचलायचो नाही. असं मी नऊ वर्षं केलं.

त्याआधी मी एका आडगावच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून लागलो होतो. माझ्या खोलीत वीज नव्हती. औषधांच्या खोलीत होती, पण तिथे सॉकेट एकच, आणि त्यावर लसींचा फ्रिज चाले. एका शनिवारी डहाणूला बहिणीचा साखरपुडा होता. शर्टाला इस्त्री करायला मी फ्रिजची पिन काढली. तेवढ्यात बसचा हॉर्न ऐकू आला. इस्त्री माझ्या खोलीत टाकून, शर्ट अंगात घालत धावलो. पिन लावायची राहिली.

सोमवारी परतलो तर डॉक्टर फ्रिजपाशी उभे. बाटल्या कोमट झालेल्या. बाहेर पाड्यांवरून चालत आलेल्या बाया पोरं मांडीवर घेऊन लसीसाठी बसल्या होत्या.

"पिन कुणी काढली?"

"झाडताना निघाली असेल," मी म्हणालो.

झाडायला गंजाडचा एक माणूस होता, रोजंदारीवर. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. तो म्हणाला, "त्या कोपऱ्यात मी झाडू घातलाच नाय, साहेब."

"म्हणजे झाडतसुद्धा नाहीस!" डॉक्टर म्हणाले.

सगळे हसले. मीही हसलो. लस फेकली, बायांना परत पाठवलं, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याला काम नव्हतं.

त्यानंतर मी चांगला माणूस व्हायला लागलो. लसींचा बर्फाचा डबा खांद्याला लावून सर्वांत लांबच्या पाड्यांवर जायचो, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. शुक्रवारी उपास धरायचो. रविवारच्या शाळेत मुलांना शिकवायचो, की तारण, म्हणजे पापातून सुटका, देवाच्या कृपेने मिळतं, ते कमवता येत नाही. आणि घरी येऊन स्वतःपुरतं ते कमवायला बसायचो. लोक मला देवमाणूस म्हणू लागले. त्यामुळे खरं बोलणं आणखी अवघड झालं. देव आपल्या माणसांना आपल्या मर्जीने निवडतो, त्यांच्यात काही चांगलं पाहून नव्हे, असं आमच्याकडे शिकवत. मला वाटे, निवडलेला माणूस इतकी वर्षं गप्प बसेल का? म्हणजे मी त्यांतला नाहीच. मग आणखी एक पाडा, आणखी एक उपास.

आमच्या मंडळीचे एक वडील, म्हणजे कारभार पाहणारे ज्येष्ठ, रेल्वेतून निवृत्त झालेले. डहाणूहून बसने येत. एका रविवारी उपासनेनंतर नळावर ताट विसळताना त्यांनी विचारलं, "काय रे, तुला पाव चावत नाही का?"

मी सगळं सांगितलं. ते विसळत राहिले.

"नऊ वर्षं झाली. अजून किती लागतील?"

"माहीत नाही."

"लायक झालास की जेवायला बसणार? अरे, लायक माणसांसाठी हे ताट वाढलेलंच नाही."

"पण मी काही तरी केलं तर..."

"तुझं हे 'केलं तर' कधी संपणार? करायचं ते ख्रिस्ताने केलं. तुझ्या नऊ वर्षांनी त्यात काडीची भर पडलेली नाही."

मला हलकं वाटलं. खरं सांगतो, मनात पहिला विचार आला तो हा, की मग गंजाडला जायला नको.

त्यांनी ताट पालथं घातलं. "आणि गंजाडला जाऊन ये. सुटका मिळवायला नव्हे. त्या माणसावर खोटा आळ आहे, म्हणून."

दवाखान्यात आधी लेखी कबुली दिली. मग गंजाडला गेलो. तो घरामागे कूड बांधत होता. माझं बोलणं संपेपर्यंत त्याने हातातली गाठ सोडली नाही.

"मंग आज कशाला आलास?"

पूर्वी तो मला साहेब म्हणायचा.

"माफी मागायला."

"ती नाय माझ्याकडे." त्याने गाठ आवळली. "गावात अजून पिनवाला म्हणतात मला. त्यांना सांग."

मी दुकानासमोर बसलेल्या चार माणसांना सांगितलं. त्यांतला एक हसून म्हणाला, "मंग आजपासून पिनवाला हा का?" कूड बांधणारा तो माझ्या मागे येऊन उभा होता. तो हसला नाही. पाणीही विचारलं नाही.

पुढच्या पहिल्या रविवारी ताट माझ्याकडे आलं. गंजाडच्या त्या माणसाने माफ केलं की हात आपोआप पुढे होईल, असं इतकी वर्षं मी धरून चाललो होतो. त्याने केलं नव्हतं. दाखवायला माझ्यापाशी काहीच उरलं नव्हतं. ताट नेहमीपेक्षा जास्त वेळ माझ्या हातात राहिलं. शेजारच्याने आपले हात पुढे केले होते.

मोकळं वाटलं असं लिहिलं, तर तेही खोटं होईल. मी एक तुकडा उचलला, आणि मग ताट पुढे दिलं.