बायकांची भूक

माझी आत्या वाद घालत नसे. कुणी अडाणीपणाचं काही बोललं, की तोंडानं उत्तर न देता ती गोष्टच त्याच्यापुढे आणून ठेवी. तरुणपणी विधवा होऊन ती पोशीरला आमच्या घरी परत आली होती, पण बाबांची थोरली बहीण म्हणून तिच्यापुढे कुणाचं काही चालत नसे.

एकदा काका ओटीवर बसून म्हणाले, "विहीर काय लांब हाय? हाकेवर तर हाय."

आत्यानं रिकामा हंडा त्यांच्या मांडीवर ठेवला. "मंग आन की रं."

चैत्राचं ऊन होतं. काका चढ चढून आले तेव्हा निम्मा हंडा धोतरावर सांडला होता. पुन्हा त्यांनी विहीर जवळ आहे असं म्हटलं नाही. पाणीही पुन्हा आणलं नाही, हेही खरं.

बाबा तसे प्रेमळ. कणगीतले तांदूळ मात्र रोज स्वतः मापून देत. बायकांची भूक लहान असते, चुलीजवळच्या वासानंच त्यांचं निम्मं पोट भरतं, हे त्यांचं ठाम मत. त्या वर्षी लावणीला आई दिवसभर चिखलात उभी असे आणि तान्ह्या कृष्णीसाठी तिला दूध येईना. कृष्णी रडून रडून थकायची आणि गप्प व्हायची. त्या गप्प होण्याचीच मला भीती वाटे. मुळ्या उगाळून झाल्या, दृष्ट काढून झाली.

"हिची आई उपाशी हाय," आत्या बाबांना म्हणाली.

"आमी जेवून उठतो तवा तपेल्यात भात असतो की!"

बाबा खोटं बोलत नव्हते. तो भात किती जणींना पुरतो, हे बघायला कुठलाच पुरुष मागे थांबत नसे.

दुसऱ्या दिवशी पुरुष हातपाय धुऊन आले, तर आई, काकू आणि मी आधीच जेवायला बसलेल्या.

"आज बाया आदी," आत्या म्हणाली. "कुनाची भूक केवढी, त्ये दिसू दे."

आई भीतीनं भात नुसता चिवडू लागली. "खा गं!" आत्या दरडावली. मग आई खातच राहिली. शेवटी आत्यानं तपेलं बाबांपुढे आडवं केलं. कडेला चिकटलेली शितं तेवढी उरली होती.

"गोविंदा, ही बग भूक."

बाबांनी तपेल्यात पाहिलं. मग उठून कणगीकडे गेले आणि पुन्हा तांदूळ मापले. त्या दिवसापासून माप वाढलं. पहिली पंगत पुरुषांचीच राहिली. आत्या म्हणे, "त्येबी बगू. पयलं पोट भरू दे."

आत्या जाऊन पुष्कळ वर्षं झाली. तिची आठवण आली, की त्या लावणीतलं एक जेवण डोळ्यांपुढे येतं. कृष्णी दूध पिऊन आईच्या मांडीवर झोपली होती. आत्या भात वाढायला वाकली आणि आईनं पानावर आडवा हात धरला. मला वाटलं, आई रुसली. तिला 'पुरे' म्हणताना मी तोवर कधी पाहिलंच नव्हतं.