समोरचा चहा

सुरतेत कॉलेजच्या फाटकाबाहेर चहाची लारी, म्हणजे हातगाडी होती. तिथे तो मला रोज सकाळी दिसायचा. पांडेसरा भागातल्या कापड रंगाईच्या मिलमध्ये रातपाळी करून तो सरळ वर्गाला यायचा. नखांत निळा रंग तसाच असायचा. बोलण्यावरून खानदेशातला वाटायचा. नाव मी कधी विचारलं नाही.

चहा समोर ठेवून तो पुस्तक वाचायचा, मग ते मिटून स्वतःशी पुटपुटायचा. वाचलेलं न अडखळता म्हणता आलं तरच चहा प्यायचा, असा त्याचा नेम होता. अडखळला की कप दूर सरकवायचा आणि बहुतेक दिवस उपाशीच वर्गात जायचा. मला त्याचा रागच यायचा.

"अरे, जिवाला जरा जप," मी एकदा म्हटलं.

"शरीर कुठं पळून जातंय, भाऊ? परीक्षा निघून जाईल."

निकालानंतर तो एकदाच आला. पहिल्या वर्गात पास झाला होता. हातात पुस्तक नव्हतं, गालफडं पार बसली होती. मी त्याच्यासाठी चहा मागवला. त्यानं एक घोट घेतला आणि तो थांबला.

"आता तरी पी," मी म्हणालो.

"पोटात ठरत नाही, भाऊ," तो म्हणाला आणि नेहमीसारखाच त्यानं कप दूर सरकवला.