पाळीचं व्हेनिस

आमच्या शेजारच्या पद्मावती आक्कांना निपाणीबाहेरची तीन गावं नीट माहीत आहेत: माहेरचं, बेळगाव आणि व्हेनिस. पहिल्या दोन गावांना त्या बसनं जाऊन आल्या आहेत. तिसरं त्यांच्या सोप्यात भिंतीवर असतं, एक वर्षाआड. कुणा लिहित्या माणसाला त्या शेजारी मिळाल्या असत्या तर बरं झालं असतं. मिळालो मी.

चित्र चांगलं दोन हात रुंद आहे. रुंद कालवा, दोन्ही काठांना उंच घरं, मागे घुमट, पुढे काळ्या होड्या. आक्कांनी त्या गावातल्या माणसांना केव्हाच नावं ठेवली आहेत. लाल टोपीचा नावाडी म्हणजे रवळू. सज्ज्यातून वाकून बघणारी बाई मालुबाई. "बघा की अण्णा, दिवसभर दुसऱ्याच्या दारात डोळं. हिचं दूध उतू गेलं असंल, पर हिला त्याचं काय बी न्हाय."

ज्या वर्षी चित्र त्यांच्याकडे असतं, त्या वर्षी ही बोलणी माझ्या अंगणापर्यंत ऐकू येतात. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, लेकी लांब दिल्या. ज्या वर्षी चित्र नसतं, त्या वर्षी आक्कांच्या घरातून फक्त टीव्ही ऐकू येतो.

चित्र आलं ते आक्कांच्या सासऱ्यांमुळे. त्यांची तंबाखूची वखार होती. बेळगावच्या कॅम्पातला एक गोरा साहेब देश सोडून निघाला, तेव्हा त्याच्या सामानाच्या लिलावात सासऱ्यांनी आरशाचं कपाट घेतलं. वाटेत आरशाला धक्का लागू नये म्हणून हमालांनी त्यावर हे चित्र आडवं बांधून दिलं. कपाट घरात गेलं, चित्र वखारीत टांगलं. दिवाळीला वखारीतल्या तराजूला, तिजोरीला गंध लागायचं. घुमट बघून सासऱ्यांना ती कुठली तरी परमुलखातली बस्ती, म्हणजे जैन मंदिर, वाटे, म्हणून चित्राच्या चौकटीलाही गंधाचं एक बोट.

सासरे गेल्यावर दोन भावांची वाटणी झाली. गंध लागलेलं चित्र पंचांनी काही न विचारता देवांबरोबर मांडलं. देवांचे वाटे घालत नाहीत, पाळी लावतात. तेव्हापासून व्हेनिस एक वर्ष थोरल्या घरी, म्हणजे आक्कांकडे, एक वर्ष धाकट्या घरी. दिवाळीच्या पाडव्याला बदली.

यंदा पाडवा आक्कांचा होता. त्यांनी खिळा पुसूनसुद्धा ठेवला होता. दोन दिवस आधीच धाकट्या घरचा पुतण्या श्रेयस गाडी घेऊन दारात आला. तो बेळगावला राहतो, तिथल्या उद्यमबागेत त्याचा कारखाना आहे. गाडीत गोधडीत गुंडाळलेलं चित्र होतं आणि बरोबर रचना नावाची पुण्याची मुलगी. जुनी चित्रं तपासणं हे तिचं काम. गोधडी उतरवायला आक्कांनी मला बोलावून घेतलं.

"मोठी आई," श्रेयस म्हणाला, "हे इटलीतलं हाय. अठराव्या शतकातलं असंल म्हणतात ह्या. घेणारा तयार हाय. तुमचा निम्मा वाटा तुम्हाला."

आक्का खाली बसल्या. "आणि माझा पाडवा?"

"तुम्हाला मोठा टीव्ही आणतो की."

"एक हाय, त्योच ऐकत न्हाय माझं."

रचनाला हसू आलं. तिनं विचारलं, "आजी, हे आधी कुणाकडे होतं आणि आता कुणाच्या मालकीचं आहे, हे कळल्याशिवाय ते कुणी घेणार नाही. सांगाल?"

आक्कांनी साहेब, कपाट, हमाल, वखार सगळं सांगितलं. चौकटीवरचे गंधाचे थरही दाखवले. मग त्या श्रेयसकडे वळल्या.

"ह्यो देव हाय का न्हाय, तू सांग."

"देव कुठला, मोठी आई! गाव हाय ते. होड्या हाईत."

"बरं. मग वस्तू झाली. अण्णा, तुम्ही होता न्हवं वाटणीला? वखार कुणाला गेली?"

"थोरल्यांना," मी म्हणालो.

"कशी गेली?"

"आतल्या सगळ्या चीजवस्तूंसकट. भिंतीवरच्या बी."

"ऐकलंस? देव असंल तर विकायचा न्हाय, पाळीनं फिरल. वस्तू असंल तर वखारीतली, म्हंजे माझी एकटीची. मग तुझ्या दारात परत यायची न्हाय. काय ते ठरीव. माझं काय म्हणणं न्हाय."

श्रेयस चित्राकडे बघत राहिला. लहानपणी तोही त्या होड्या मोजत वाढलेला. रचनानं हातातला फोन पर्समध्ये टाकला.

"देवच हाय," तो शेवटी म्हणाला.

"मग पायताण भायेर काढ."

त्यानं बूट काढले. "पाडव्याला आणून लावतो मग."

"दोन दिसांसाठी देवाला बेळगावला हेलपाटा कशापायी? आलाय तर ऱ्हाऊ दे. आणि ह्या पोरीला जेवल्याबिगर सोडू नगंस. एवढ्या लांबनं आलीया."

आक्का चुलीकडे गेल्या. श्रेयसनं माझ्याकडे स्टूल मागितलं. मी आणून दिलं आणि धरून उभा राहिलो.