लाइट गेल्यावरचा ठेका

चौऱ्याण्णव सालातल्या माघाची थंडी जायचं नाव घेत नव्हती. बाजारहत्नूरकडच्या त्या गावात ऊन अंगणात उतरलं, तरी कापसाच्या पऱ्हाट्यांवरचं दव वाळलं नव्हतं. शाळेतून अटेंडर म्हणून नुकतेच रिटायर झालेले नागोराव उकिडवे बसून गोठ्याचा कूड विणत होते. एक पऱ्हाटी आत, एक बाहेर, मग तळहाताने ठोकून खाली दाबायची.

ओट्यावर त्यांचा पोरगा दौलत टेप घेऊन बसला होता. मंचेरियलला कोळशाच्या खाणीत कारकून. संध्याकाळी दोस्तांच्या बँडमध्ये ड्रम वाजवायचा. ड्रम घेतले तेव्हा नागोरावांनी अबोलाच धरला होता. “बा, चामडं नाई, प्लास्टिक हाये,” अशी समजूत त्याने घालून पाहिली. तरी ते ऐकायला कधी गेले नाहीत.

कारण त्यांच्या बापाचं डफडं साऱ्या पट्ट्यात नामी होतं. पालखी असो की पाटलाघरचं लग्न, निरोप आला की उठायचं, वाजवायचं, आणि दाराबाहेर बसून उरलंसुरलं खायचं. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर तरण्या नागोरावांनी बापादेखत ते डफडं फोडलं. त्या हंगामात गावात कोणी कापूस वेचायलाही बोलावलं नाही. पण हात पुन्हा डफड्याला लागला नाही.

बँडची कॅसेट दौलतने आणली होती. खाणीच्या कॉलनीतल्या हॉलला शेजाऱ्यांच्या गोधड्या टांगून, सेलवरच्या टेपवर भरलेली. मंचेरियलच्या दुकानदाराने “ये गाना है कि झगड़ा?” म्हणून परत केली. कॉलेजची पोरं मात्र एकमेकांकडून उतरवून घेत होती, आणि तेही शेवटच्या गाण्यासाठी.

त्याने ती लावली तशी त्याच्या आईने, चंपाबाईंनी, कानावर पदर घेतला. “माय वं! हे काऊन बोंबलून राह्यले?”

“हार्ड रॉक हाये, माय. असंच असते.”

“पोट दुखते का त्याहीचं?”

शेवटच्या गाण्यात गिटारी मधेच मेल्या. गाणं भरताना हॉलची लाइट गेली होती. सेलवरचा टेप फिरतच राहिला, आणि अंधारात दौलतही थांबला नाही. एकटा ड्रम वाजत राहिला.

नागोरावांच्या हातातली पऱ्हाटी मोडली. पालखी वेशीत वळताना बाप वाजवायचा, तोच हा ठेका.

रस्त्याने चाललेले उद्धवराव पाटील काठी टेकून उभे राहिले. मनापासून खूश झाले होते. “अरे नागो, हा त तुह्या बापाचा हात! डोये मिटले त म्हातारा समोर उभा. पोरा, यंदा जत्रेत पालखीपुढं तूच वाजव. धोतर-टोपी माह्याकडून.”

नागोराव उठले. जन्मभर ज्या डफड्याला उंबऱ्याबाहेर ठेवलं, तेच पोराच्या हाताला धरून घरात येऊ पाहत होतं. आता पोरगं काय म्हणतं, त्यावर सगळं होतं.

दौलतने टेप बंद केला. “पालखीपुढं नाई जमत, काका. कॉलनीच्या हॉलात वाजवतो आमी. तुमी या. खुर्चीवर बसून ऐका.”

“मी? तो गोंधळ ऐकाले मंचेरियलले येऊ?” पाटील हसले. पोरगं हसलं नाही. मग “बापावर गेला,” म्हणत ते चालते झाले.

नागोराव खाली बसले. दौलतकडे वळून म्हणाले, “तुले तो ठेका कोनं शिकवला? म्या त घरात कधी...”

“तुमीच. लहानपनी झोपवाले पाठीवर थापटत होते ना. लाइट गेली, काई दिसेना, तवा तेच हातात आलं.”

इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, डफड्यासोबत ठेकाही फुटला. पण ठेका बापाचा होता. निरोप तेवढा पाटलाचा होता.

“मागं फिरव,” ते म्हणाले. “लाइट गेली तिथून लाव.”

“आता माह्या कानाचं काई खरं नाई,” म्हणत चंपाबाई चुलीकडे गेल्या. दौलत कॅसेट मागे फिरवू लागला. नागोरावांनी मोडकी पऱ्हाटी बाजूला टाकली, दुसरी घेतली आणि कुडात सारली.