कोडोलीची काकवी आणि उपाशी यीस्ट

कोल्हापूरला लोक अंबाबाईला जातात, तांबड्या रश्श्यासाठी जातात. मी २००४ साली गेले ती एका मायक्रोस्कोपसाठी. पुण्यातला आमच्या लॅबचा बंद पडला होता, आणि कोल्हापुरातल्या एका कॉलेजात कसेबसे दोन तास मिळाले होते. पीएचडीचा शेवटचा प्रयोग त्यात उरकायचा होता.

प्रयोग सांगते, पळू नका. यीस्टच्या पेशीत दोन भागांचं एक एन्झाइम असतं. साखर संपली की भाग सुटे होतात, साखर मिळाली की पुन्हा जुळतात. जुळले की मायक्रोस्कोपखाली चमकतील, अशी सोय मी केली होती. मी एका भागाचा छोटासा तुकडा उडवला होता. तो नसेल तर जुळणी होतच नाही, असा माझा दावा. तीन वर्षं त्यावरच घातलेली. म्हणून थर्मासमध्ये दोन नळ्या, एकीत साधं यीस्ट, दुसरीत तुकडा उडवलेलं. दोन्ही उपाशी. मायक्रोस्कोपपाशी मोजून साखर द्यायची, दहा मिनिटं थांबायचं, बघायचं.

स्वारगेटहून एसटी पकडली. हायवेचं रुंदीकरण चाललेलं, सात तास नुसती धूळ खाल्ली. मुक्काम कोल्हापूरच्या अलीकडे, कोडोलीत होता. तिथे जाणार असाल तर वाठारलाच उतरा आणि वडाप धरा. भाडं किरकोळ, हाल भरपूर. दहा माणसांची जीप सोळा बसल्याशिवाय हलत नाही. मांडीवरचा थर्मास बघून शेजारचे आजोबा म्हणाले, "च्या हाय व्हय गं त्यात?" मी थर्मास आणखी घट्ट धरला.

कोडोलीत मैत्रिणीच्या आईकडे राहिले. सकाळी काकूंनी विचारलं, नळ्यांत काय आहे? मी म्हटलं, "यीस्ट. जिवंत आहे, पण मुद्दाम उपाशी ठेवलंय." इथेच माती खाल्ली. आंघोळ करून येते तर दोन्ही नळ्यांत तांबूस पाणी, आणि काकू चमचा विसळतायत.

"काकू, हे काय केलंत?"

"काकवी घातली की वाईच. जित्तं हाय म्हनालीस न्हवं? आमच्या दारातनं कोन उपाशी जाईत न्हाय."

अहो, तीन वर्षांचं काम उसाच्या पाकात! मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. वाढलेली भाकरी तशीच ताटात टाकून निघाले. वाटेत वडाप पंक्चर, तेही दोनदा. मायक्रोस्कोपपाशी पोचेपर्यंत काकवी घातल्याला दोन तास झाले.

तरी बघितलं. साधं यीस्ट चमकत होतं, म्हणजे जुळलेलं. अपेक्षितच. दुसरी नळी लावली. तीही चमकत होती. फिकट, पण चमकत होती.

पुण्यात माझ्या गाइड सरांनी विचारलं, "काकवी किती घातली?"

"काकूंच्या मनाला आली तेवढी."

सर हसले नाहीत. मोजलेल्या साखरेवर, दोन-दोन तास थांबून सगळं पुन्हा करायला लावलं. वैताग नुसता! पण उत्तर तेच आलं. तुकडा नसला तरी एन्झाइम जुळतं, फक्त फार हळू. माझ्या दहा मिनिटांत त्याला वेळच मिळत नव्हता. चुकीचा दावा प्रबंधात जाता जाता राहिला.

मग लाज वाटली. काकूंना फोन लावला, माफी मागितली, म्हटलं, तुमच्या काकवीनं वाचवलं मला.

"ते ऱ्हाऊ दे," काकू म्हणाल्या. "नळीतलं सगळं जेवलं, आन तू तेवढी उपाशी गेलीस."